खान्देशातून इंजिनिअरिंगला: दाखल्यांपासून दुसऱ्या सत्राच्या निकालापर्यंत

इंजिनिअरिंगचं सगळं काही सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) तीन तासांत ठरतं, असं घराघरांत धरून चालतात. पण चांगले पर्सेंटाइल असलेली मुलंही दोन जागी अडकतात. पहिली जागा जून-जुलैतली: दाखले आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीची यादी. दुसरी प्रवेशानंतरची: पहिली दोन सत्रं, त्यातही गणित, ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या मुलांसाठी या दोन्ही जागा नीट पार कशा करायच्या, ते इथे सांगितलं आहे. तारखा आणि बारीकसारीक नियम दरवर्षी थोडे बदलतात. त्यामुळे सीईटी कक्षाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक डाउनलोड करून शेजारी ठेवा आणि मगच पुढे वाचा.

पात्रता: बारावीचे गुण कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय हवेतच. तिसरा विषय बहुतेकांचा रसायनशास्त्र असतो. या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के लागतात आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना व दिव्यांगांना ४० टक्के. ३०० पैकी हे अनुक्रमे १३५ आणि १२० होतात. इथे गल्लत होते ती अशी, की मुलं गुणपत्रिकेवरची एकूण टक्केवारी पाहतात. मराठी आणि इतर विषयांच्या जोरावर एकूण ५८ टक्के, पण तीन विषयांची बेरीज १२९ असेल, तर खुल्या वर्गातला विद्यार्थी अपात्र ठरतो. मग सीईटीत कितीही पर्सेंटाइल असोत.

एकदा ही पात्रता पार झाली, की बारावीच्या गुणांचं काम जवळपास संपलं. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे, त्यांना मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, त्यांना वेगळी ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत आणि तिथे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत, हे तयारीची वाटणी करताना लक्षात ठेवा. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन आहे, म्हणजे प्रत्येक विषयात दहाएक प्रश्न. "अकरावी कशाला बघायची" म्हणणारे क्लासवाले हे दहा प्रश्न सोडून देतात.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर १०० मुलांपैकी ९० तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. त्यामुळे शेजारच्याला १२० गुणांवर किती पर्सेंटाइल मिळाले, यावरून स्वतःचा अंदाज बांधता येत नाही. त्याचं परीक्षेचं सत्र वेगळं असू शकतं.

गृह विद्यापीठ: लातूर-नाशिकला क्लास लावण्याआधी

विद्यापीठाशी संलग्न बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी अशी विभागणी असते. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या मुलाचं गृह विद्यापीठ बारावीचं कॉलेज कुठे आहे त्यावरून ठरतं. घर कुठे आहे, याचा त्यात संबंध नाही. चोपड्याचा मुलगा बारावी चोपड्यातून झाला, तर त्याचं गृह विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. तोच मुलगा नाशिकच्या कॉलेजातून बारावी झाला, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. लातूरहून झाला तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ.

यात तोटाच आहे असं नाही. ज्याला पुण्या-नाशिकची कॉलेजं हवी आहेत, त्याला नाशिकची बारावी उपयोगी पडते, कारण तिथल्या ७० टक्के जागांत तो बसतो. पण ज्याला शिरपूर, जळगाव किंवा धुळ्यातच राहायचं आहे, तो बाहेरून बारावी करून स्वतःच्याच जिल्ह्यात बाहेरचा ठरतो. हा निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी घ्यायचा असतो. बारावीच्या निकालानंतर तो बदलता येत नाही.

खान्देशाच्या सीमेवरची आणखी एक अडचण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातलं असेल, तर बऱ्याच मुलांचं काम त्यावरच भागतं. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, आणि कित्येकींचं माहेर सुरत, निझर, सेंधवा नाहीतर बऱ्हाणपूरचं. दाखल्यावर जन्मस्थळ गुजरात किंवा मध्य प्रदेशातलं आलं, की अधिवास प्रमाणपत्र लागतंच. दहावीचा निकाल हातात येताच तो दाखला तपासा आणि गरज असेल तर अधिवासाचा अर्ज तेव्हाच करा. ज्यांचे आईवडील कामासाठी सुरतेला आहेत आणि मुलाची दहावी तिकडे झाली आहे, त्यांना वेगळ्या प्रकारात, म्हणजे स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या महाराष्ट्रातल्या अधिवासावर अर्ज करावा लागतो. अशांचं गृह विद्यापीठही अधिवास प्रमाणपत्र कुठून मिळालं त्यावरून ठरतं. फॉर्ममध्ये उमेदवाराचा प्रकार चुकला, तर पडताळणीत तो अडतो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

दाखले: काय, कुठून आणि कधी

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, उत्पन्नाचा तहसीलमधून, आणि अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर करता येतो. याला वेळ लागतो, पण तो हाताबाहेर जात नाही. खरा वेळखाऊ कागद जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, ओबीसी, विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांचे अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समित्या आहेत. जमातीच्या प्रकरणांत आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, जुने महसुली कागद, गृह चौकशी असं सगळं येतं. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या मुलांनी अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करावा. वडील, काका किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल, तर तिची प्रत अर्जाला जोडा. सर्वांत भक्कम पुरावा तोच.

ओबीसी, एसईबीसी आणि भटक्या प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेअरही (उन्नत गटात नसल्याचा दाखला) लागतं. त्यावर मुदतीची तारीख असते, बहुधा ३१ मार्च. गेल्या वर्षी पोलीस भरतीसाठी काढलेलं नॉन-क्रिमिलेअर यंदाच्या प्रवेशात चालेलच असं धरू नका. तारीख प्रवेशाच्या वर्षाला पुरते का, ते पाहा. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला राज्य शासनाच्या नमुन्यात हवा. केंद्राच्या नोकऱ्यांसाठीचा नमुना वेगळा आहे आणि तो इथे नाकारतात.

अर्जाच्या वेळी काही प्रमाणपत्रांऐवजी पावती चालते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेला द्यावंच लागतं. नाही दिलं, तर उमेदवार खुल्या वर्गात जातो. तिथे त्याचा गुणवत्ता क्रमांक तोच राहतो, पण कटऑफ (ज्या पर्सेंटाइलवर शेवटची जागा भरते ते) बदलतं आणि फीची सवलतही जाते.

नावांची जुळणी हा किरकोळ वाटणारा पण रडवणारा भाग. दहावीच्या गुणपत्रिकेवर "पाटील रोहित भगवान", आधारवर "रोहित भगवान पाटील", बँकेत "रोहित बी पाटील" असं असतं. क्रम वेगळा चालतो, पण स्पेलिंग वेगळं चालत नाही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार आणि बँक खातं तिच्याप्रमाणे सुधारून घ्या. बँक खातं आधारशी जोडलेलं असायला हवं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे त्या जोडणीवरूनच येतात. घरात दोन खाती असतील, तर शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्याच खात्यात ते पैसे जमा होतात. मग पोरगं कॉलेजच्या खिडकीत भांडत राहतं आणि पैसे गावातल्या जुन्या खात्यात पडून असतात.

ऑप्शन फॉर्म

कटऑफच्या पीडीएफमध्ये जे सांकेतिक शब्द येतात, ते आधी वाचायला शिका. पहिलं अक्षर 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींची (३० टक्के जागा मुलींसाठी असतात). मधला भाग प्रवर्ग सांगतो: ओपन, ओबीसी, एसटी वगैरे. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे इतर विद्यापीठ, 'एस' म्हणजे राज्यस्तर. म्हणजे 'जी ओपन एच' आणि 'जी ओपन ओ' हे एकाच शाखेचे दोन वेगळे कटऑफ आहेत. तुमच्या ओळीतला आकडाच तुमच्या कामाचा. कॉलेजच्या कोडवरून विभाग कळतो: ५ म्हणजे नाशिक विभाग, आणि खान्देशातली कॉलेजं त्यातच येतात. ६ पुण्याचा, ३ मुंबईचा, २ छत्रपती संभाजीनगरचा. कोडच्या आधी शून्य छापलेलं असेल, तर ते सोडून पुढचा आकडा पाहा.

गेल्या दोन वर्षांचे सगळ्या फेऱ्यांचे कटऑफ घ्या. फक्त पहिल्या फेरीचा आकडा पाहून घाबरू नका, आणि फक्त शेवटच्या फेरीचा पाहून निर्धास्तही होऊ नका. मग यादी तीन भागांत करा. वरती, तुमच्या पर्सेंटाइलपेक्षा तीन-चार अंकांनी जास्त कटऑफ असलेल्या जागा. मध्ये, दोन अंकांच्या आतबाहेरच्या. खाली, नक्की मिळतील अशा. मधला भाग सर्वांत मोठा ठेवा.

वर अशक्य वाटणारी जागा लिहिली म्हणून खालची संधी कमी होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीतली वरून पहिली उपलब्ध जागा देतो. धोका दुसरीकडेच आहे. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की धरली जायची आणि पुढच्या फेऱ्या बंद व्हायच्या. म्हणून पहिल्या सहा पर्यायांत "बघू काय होतं ते" म्हणून काही लिहू नका. तिसऱ्या क्रमांकावर लोकांनी सांगितलं म्हणून एखादी शाखा टाकली आणि दुसऱ्या फेरीत नेमकी तीच लागली, तर ती घ्यावी लागेल. नाही घेतली, तर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, बाहेर जाल. तुमच्या वर्षी हा नियम कसा आहे, ते माहितीपत्रकाच्या 'बेटरमेंट'च्या परिच्छेदात वाचा.

फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल, तरी यादी घरूनच कागदावर लिहून न्या, कोडसकट. सबमिट झाल्यावरची प्रिंट तिथेच उभं राहून त्या कागदाशी ओळीनं ओळ ताडा. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि ओटीपीचा मोबाइल नंबरही घरचाच द्या.

कॉलेज आणि शाखा

खान्देशात पर्याय कमी नाहीत. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बांभोरीचं एसएसबीटी आहे, शिरपूरची आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्था आहे. धुळे, भुसावळ, फैजपूर, शहादा इथेही कॉलेजं आहेत. विद्यापीठाच्या जळगावच्या आवारात रसायन तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे; केमिकलकडे कल असणाऱ्यांनी ती यादीत जरूर ठेवावी. पण इथली बरीच कॉलेजं आता लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि काही स्वायत्त आहेत. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांचा अभ्यासक्रम, परीक्षेची पद्धत आणि पदवीवरचं नाव वेगळं असू शकतं. प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. संलग्नता कोणाची? स्वायत्त आहे का? आणि तुमच्या शाखेला एनबीएचं (राष्ट्रीय मानांकन मंडळाचं) मानांकन आजच्या तारखेला चालू आहे का? हे मानांकन शाखेला आणि ठरावीक मुदतीपुरतं मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही. गेटवरचा फ्लेक्स हे सांगत नाही.

शाखेबद्दल गावात प्रत्येक भाऊ-आप्पाचं मत असतं आणि हल्ली ते एकच असतं: कॉम्प्युटर. कॉम्प्युटर घ्यायला हरकत नाही, पण गणित आणि तर्कात रस नसताना घेतलेली कॉम्प्युटर शाखा दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथ्स आणि डेटा स्ट्रक्चरमध्ये फसते. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, साक्री तालुक्यातले सौर आणि पवन प्रकल्प, भुसावळचं रेल्वेचं जाळं, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, जळगावचे ठिबक, पाइप आणि प्लॅस्टिकचे कारखाने हे सगळं इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांचं क्षेत्र आहे. ते सगळं खान्देशातच आहे, त्यामुळे इंटर्नशिपसाठी पुण्यात खोली करावी लागत नाही. सरकारी भरतीत सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या जागा येत राहतात, हाही हिशेब धरा.

अप-डाऊन करणार असाल, तर शाखेइतकाच वेळापत्रकाचा विचार करा. अमळनेर किंवा भुसावळहून जळगावला रोज येणाऱ्याचे, स्टेशन ते कॉलेज धरून, दिवसाला तीन तास सहज जातात. प्रॅक्टिकल संध्याकाळी पाचपर्यंत असतं आणि गाडी कोणासाठी थांबत नाही. निदान पहिलं वर्ष वसतिगृहात काढावं, हे आमचं स्पष्ट मत आहे.

फीचं गणित

वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी) योजना आहे. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा असतात आणि त्यांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. पण विकास शुल्क आणि इतर फी भरावी लागते, शिवाय नंतर कॉलेज बदलता येत नाही. या जागांचा कटऑफ साध्या जागेपेक्षा बऱ्याचदा चढा असतो. म्हणून ऑप्शन फॉर्ममध्ये तीच शाखा दोन ओळींत टाका: आधी टीएफडब्ल्यूएसचा कोड, लगेच खाली साधा.

खुल्या वर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेत आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा न मिळालेल्या जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. राजर्षी शाहू योजनेला कॅपमधून प्रवेश ही अट आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, तर सवलत गेली. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो विसरणारे पुष्कळ.

डिप्लोमावाले

दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. सीईटी नाही; डिप्लोमाच्या टक्केवारीवर यादी लागते आणि पात्रता तीच, ४५ आणि ४० टक्के. प्रॅक्टिकल, ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये ही मुलं बारावीवाल्यांच्या पुढे असतात. अडतात ती तिसऱ्या सत्राच्या गणितात. तिथे लाप्लास ट्रान्सफॉर्म, फुरियर आणि आंशिक विकलन समीकरणं येतात आणि पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस तुम्हाला येतं असं शिक्षक धरून चालतात. प्रवेशफेऱ्या चालू असतानाच्या रिकाम्या दोन महिन्यांत एवढंच करा: पार्ट्‌सने इंटिग्रेशन, पार्शल फ्रॅक्शन, आंशिक विकलन, आणि पहिल्या क्रमाची साधी विकलन समीकरणं. प्रत्येकाची तीस उदाहरणं हाताने सोडवा. लाप्लासचं निम्मं काम पार्शल फ्रॅक्शन आहे.

पहिलं वर्ष

आधी क्रेडिट समजून घ्या. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ क्रेडिट लागतात, म्हणजे सत्राला वीस-बावीस. एसजीपीए, म्हणजे सत्राचा सरासरी ग्रेड पॉइंट, काढताना प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट करायचं आणि त्यांच्या बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. समजा ४, ४, ३, ३ आणि २ क्रेडिटच्या विषयांत अनुक्रमे ८, ६, ९, ७ आणि १० पॉइंट आले. बेरीज ३२ अधिक २४ अधिक २७ अधिक २१ अधिक २०, म्हणजे १२४. भागिले १६ केलं, की ७.७५. आता दुसरा चार क्रेडिटचा विषय राहिला असं धरा. त्याचे २४ जातात, बेरीज १०० होते आणि एसजीपीए ६.२५ वर येतो. दोन क्रेडिटच्या लॅबमध्ये १० पैकी १० मिळवून ही खोट भरून निघत नाही. म्हणून वेळ क्रेडिटच्या प्रमाणात वाटा.

लोणेरे विद्यापीठात लेखी विषयाचे १०० गुण असे पडतात: सातत्यपूर्ण मूल्यमापन २०, मध्यसत्र परीक्षा २०, सत्रान्त परीक्षा ६०. ४० गुण कॉलेजातच ठरतात. जो विद्यार्थी असाइनमेंट वेळेवर देतो आणि मध्यसत्र मनावर घेतो, त्याच्यावरचा शेवटच्या पेपरचा भार बराच हलका होतो. हजेरी ७५ टक्के लागते. दिवाळी, लग्नसराई आणि कापूस वेचणी यांचा हिशेब यातच बसवावा लागतो.

ग्राफिक्स हा विषय पाठ होत नाही आणि आदल्या रात्री होतच नाही. साहित्य चांगलं घ्या: बोर्ड, मिनीड्राफ्टर, एक चांगला कंपास, २एच, एच आणि एचबी पेन्सिली. रचनेच्या रेषा २एचने हलक्या, बाह्यरेषा एचने ठसठशीत, अक्षरं एचबीने. मिनीड्राफ्टरचा स्क्रू सैल असेल, तर शीटच्या खालच्या बाजूला एखादा अंश कोन सरकतो आणि सगळं प्रोजेक्शन चुकतं. दर शीटच्या सुरुवातीला आडवी पट्टी बोर्डच्या कडेशी जुळवून पाहा.

आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत वापरतात: फ्रंट व्ह्यू एक्सवाय रेषेच्या (मधल्या आडव्या संदर्भरेषेच्या) वर, टॉप व्ह्यू खाली. यूट्यूबवरचे पुष्कळ परदेशी व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात आणि त्यात हे बरोबर उलटं असतं. व्हिडिओ पाहण्याआधी त्याचं चिन्ह तपासा.

रेषांच्या प्रोजेक्शनमध्ये उत्तर बरोबर आलं का, हे कॅल्क्युलेटरवर पडताळता येतं. समजा ८० मिमी लांबीची रेषा एचपीशी (आडव्या प्रतलाशी) ३० अंश आणि व्हीपीशी (उभ्या प्रतलाशी) ४५ अंश करते. टॉप व्ह्यूची लांबी ८० कॉस ३०, म्हणजे ६९.३ मिमी. फ्रंट व्ह्यूची ८० कॉस ४५, म्हणजे ५६.६ मिमी. दोन टोकांच्या उंचीतला फरक ८० साइन ३०, म्हणजे ४० मिमी. व्हीपीपासूनच्या अंतरातला फरक ८० साइन ४५, म्हणजे ५६.६ मिमी. मग दोन प्रोजेक्टरमधलं, म्हणजे दोन टोकांमधून जाणाऱ्या उभ्या रेषांमधलं, अंतर: ६४०० वजा १६०० वजा ३२०० याचं वर्गमूळ, बरोबर ४० मिमी. शीटवर मोजलेलं अंतर एक-दीड मिमीपेक्षा जास्त हललं, तर रचनेत चूक आहे. बहुतेक वेळा खऱ्या लांबीचा कंस चुकीच्या टोकावरून फिरवलेला असतो.

मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम न काढता समीकरणं लिहिणारा विद्यार्थी हमखास एखादं बल विसरतो. बहुधा आधाराची आडवी प्रतिक्रिया किंवा घर्षण. वस्तू आधारापासून सुटी करून काढा, प्रत्येक तोडलेल्या संपर्काला बाण द्या, मग आडव्या आणि उभ्या बलांची बेरीज शून्य आणि एका बिंदूभोवतीचे मोमेंट शून्य धरा. उत्तर आल्यावर दुसऱ्याच बिंदूभोवती मोमेंट घेऊन पाहा. शून्य आलं नाही, तर चूक तिथल्या तिथे सापडते.

गणितालाही अशा पडताळण्या आहेत. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी आणि त्यांचा गुणाकार डिटर्मिनंटइतका यायला हवा. दुहेरी इंटिग्रेशनमध्ये क्रम बदलण्याआधी क्षेत्राची आकृती काढलीच पाहिजे; मर्यादा चुकतात त्या आकृती न काढल्यामुळे. आठवड्याला एका युनिटची पंधरा उदाहरणं, वही बंद करून. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचणं म्हणजे अभ्यास, अशी समजूत पहिल्या मध्यसत्रापर्यंत टिकते.

सी प्रोग्रॅमिंग कागदावर लिहूनही आणि चालवूनही शिका. पूर्णांक ५ भागिले २ म्हणजे सी भाषेत २ होतात, अडीच नाही. स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरला किंवा फॉर लूपच्या ओळीनंतर अर्धविराम पडला, तर प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण चालवताना बंद पडतो किंवा भलतंच उत्तर देतो. लॅपटॉप नसेल, तर कॉलेजच्या लॅबमध्ये जादा वेळ मागा. पहिल्या वर्षी तो विकत घेतलाच पाहिजे असं नाही.

बारावी इंग्रजीतून झाली तरी दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी असलेल्या मुलांना उत्तर येतं, पण लिहिता येत नाही. त्यावर उपाय साधा आहे: व्याख्या, सूत्र, आकृती आणि तिच्यावरची नावं, मग चार छोटी वाक्यं. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं मोफत आहेत. संकल्पना तिथून समजून घ्या, उत्तर मात्र इंग्रजीत लिहून पाहा. जर्नल आणि सबमिशन दर आठवड्याला तपासून सही घ्या. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेरची रांग परीक्षेच्या अभ्यासाचे चार दिवस खाते.

एखादा विषय राहिलाच, तर एटीकेटीचा (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याच्या मुभेचा) नियम तुमच्या विद्यापीठाच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे नियमावलीत, स्वतः वाचा. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसता येत नाही. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्यांना अर्जच करू देत नाहीत. निकाल अनपेक्षित लागला असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषय शिक्षकाला दाखवा आणि गुण खरोखर वाढण्यासारखे असतील तरच पुनर्मूल्यांकनाची फी भरा. छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या दोन्हींची मुदत निकालाच्या दिवसापासून मोजतात आणि ती थोड्याच दिवसांची असते. आणि राहिलेल्या विषयाचा पुन्हा परीक्षेला बसण्याचा फॉर्म पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट न पाहता भरून टाका.